वाघ्याचे दहा दिवस

मालवणच्या बंदरावरून दक्षिणेकडे निघाले, की वायरी, तारकर्ली आणि देवबाग ही गावे किनाऱ्याने एकामागून एक लागतात. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला माडांची आगरे आणि मागे वळून पाहिले, तर लाटांत उभा असलेला सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट! ह्याच किनाऱ्यावरच्या एका लहानशा वाडीत माझे बालपण गेले. ती १९७० नंतरची वर्षे होती. आमचा तालुका त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा पुढे १९८१ साली झाला.

वाडीतील घरे माडांच्या सावलीत विखुरलेली होती. प्रत्येक घराभोवती दगडांचा गडगा असे आणि दोन गडग्यांच्या मधून एक अरुंद पाणंद जाई. शाळेत जायचे असो, विहिरीवर जायचे असो, की रापण ओढलेली पाहण्यासाठी पुळणीवर जायचे असो, ह्या पाणंदीवाचून दुसरी वाट नव्हती. पाणंदीच्या मध्यावर तात्यांचे घर होते. नात्याने ते आमचे कोणी नव्हते. पण वाडीत सारेच त्यांना तात्या म्हणत. त्यांची पत्नी निवर्तली होती. दोन्ही मुलगे मुंबईला गिरणीत कामाला होते. गणेशचतुर्थीला चार दिवस घर गजबजे. एरवी त्या मोठ्या घरात तात्या एकटेच असत.

वानरांच्या टोळ्या येऊन माडांवरची कोवळी शहाळी पाडीत, म्हणून तात्यांनी एक पिल्लू आणले. त्याचे नाव त्यांनी ‘वाघ्या’ ठेवले. प्रारंभी तो साऱ्या वाडीचा लाडका होता. आम्ही मुले त्याला भाकरीचा तुकडा घालीत असू. परंतु वर्षभरात वाघ्या चांगलाच दांडगा झाला. तो कोंबड्यांमागे धावू लागला, तेव्हा तात्यांनी त्याला फणसाच्या बुंध्याला साखळीने बांधले. साखळी जेमतेम दोन हात लांब होती. दिवसभर तो तेवढ्याच वर्तुळात फिरे. तेथील माती त्याच्या पावलांनी झिजून गुळगुळीत झाली होती. रात्री मात्र तात्या त्याला मोकळा सोडीत.

पाहता पाहता त्या गोजिरवाण्या पिल्लाचा उग्र कुत्रा झाला. पाणंदीत पाऊल वाजले, की तो साखळीला हिसके देत भुंके. पहाटे मासळीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या बायका त्याच्या भीतीने घोळक्याने जाऊ लागल्या. टपालवाला तात्यांची पत्रे आमच्याच घरी ठेवू लागला. कोणी तक्रार केली, की तात्या हसून म्हणत, “घाबरां नको, तो काय करूचो नाय!” आपला कुत्रा आपल्याला चावत नाही, म्हणून तो कोणालाच चावणार नाही, अशी तात्यांची समजूत होती. कुत्रा पाळणाऱ्या पुष्कळांची अशीच समजूत असते.

येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वाघ्या बांधलेला असतो, हे आम्हां मुलांना ठाऊक होते. शाळेतून येताना आम्ही गडग्यावर चढत असू आणि त्याला खडे मारीत असू. तो चवताळून उसळ्या मारी, साखळी खळखळे आणि आम्ही टाळ्या पिटीत पळून जात असू. ह्या खेळात मी सर्वांच्या पुढे असे.

श्रावणातील एक सकाळ होती. पाऊस नुकताच उघडला होता. मी शाळेला निघालो. माझी धाकटी बहीण, आम्ही तिला ‘बाय’ म्हणत असू, दप्तर सांभाळीत माझ्या मागून येत होती. तात्यांच्या गडग्याजवळ येताच सवयीने मी खडा उचलून वाघ्याला मारला आणि पुढे धावलो. मागे साखळी खळखळली; पण ह्या वेळी तो आवाज थांबला नाही, जवळ येत गेला. पावसाने गंजलेली कडी तुटली होती! गडग्याच्या पडक्या भागावरून वाघ्याने उडी घेतली. मी पुढे निघून गेलो होतो. मागे होती ती बाय. तिची किंकाळी अजून माझ्या कानांत आहे.

आजोबा काठी घेऊन धावून आले, तोवर वाघ्याने तिच्या पोटरीचा चावा घेतला होता. आजोबांनी बायला उचलले, ते थेट विहिरीवर नेले. त्यांनी साबण मागवला आणि पोहऱ्यामागून पोहरा ओतून ती जखम ते धूत राहिले. बाय रडत होती, तरी त्यांचा हात थांबला नाही. शेजारची एक मावशी वाटीत चुना आणि हळद घेऊन आली. दुसरी कोणी म्हणाली, “मिरची भरा, विष उतरते.” आजोबा शांतपणे म्हणाले, “ह्यांतले काही नको. साबण आणि वाहते पाणी, एवढेच औषध घरचे. बाकीचे डॉक्टरांचे.”

इतक्यात बाहेर गलका झाला. वाडीतील पाचसात तरुण काठ्या आणि फाळके घेऊन तात्यांच्या घराकडे निघाले होते. “मारा तेका!” असे ते ओरडत होते. मीही त्यांच्यामागे धावलो. वाघ्या मेला, की माझा अपराधही त्याच्याबरोबर पुरला जाईल, असे मला वाटले असावे. परंतु आजोबा पाणंदीत आडवे उभे राहिले. ते म्हणाले, “थांबा! कुत्रा पिसाळलेला आहे की नाही, हे आता तोच सांगेल. दहा दिवस तो धडधाकट राहिला, तर पोरीचे भय टळले. आज त्याला मारलात, तर आपल्याला कधीच काही कळणार नाही. त्याचा जीव हीच आपली साक्ष आहे.”

काठ्या खाली आल्या. वाघ्या फणसाखाली परत जाऊन थरथरत उभा होता. तात्यांनी त्याला दाव्याने बांधले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

सडकेवर येऊन आम्ही एस.टी.ने मालवणच्या सरकारी दवाखान्यात गेलो. त्या काळी ह्या रोगावरची लस मेंढीच्या मेंदूपासून बनवीत आणि ती पोटात टोचीत. चौदा दिवस चौदा इंजेक्शने! ते ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. बायने मात्र माझा हात घट्ट धरला. तो हात खडा मारणारा होता, हे तिला ठाऊक नव्हते.

डॉक्टर मनमिळाऊ होते. बायचे लक्ष दुसरीकडे वेधण्यासाठी ते रोज तिला काही तरी सांगत. एके दिवशी त्यांनी लुई पाश्चर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाची हकिकत सांगितली. १८८५ सालच्या जुलै महिन्यात जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याने अनेक ठिकाणी चावे घेतले. त्याची आई त्याला घेऊन पॅरिसला पाश्चर यांच्याकडे आली. पाश्चर यांची लस तोवर प्राण्यांवरच यशस्वी झाली होती. शिवाय पाश्चर हे वैद्य नव्हते. म्हणून ६ जुलै रोजी त्यांच्या देखरेखीखाली एका डॉक्टराने ती मुलाला टोचली. पुढील काही दिवसांत मिळून तेरा वेळा लस देण्यात आली आणि जोसेफ वाचला. हाच जोसेफ पुढे पॅरिसमधील पाश्चर संस्थेचा रखवालदार झाला. “तेव्हा बाय,” डॉक्टर म्हणाले, “तुझ्याआधी एका मुलाने हे सारे सोसले, म्हणून तुझ्यासाठी औषध तयार आहे.”

इकडे वाघ्याचे दहा दिवस मोजणे चालू होते. रोज सकाळी आजोबा मला घेऊन तात्यांच्या खळ्यात जात. वाघ्या अन्न खातो का, पाणी पितो का, त्याचा आवाज बदलला का, तोंडातून लाळ गळते का, चालताना तो लटपटतो का, हे सारे ते दुरून बारकाईने पाहत. मीही पाहू लागलो. गडग्यावरून जो मला राक्षस वाटत असे, तो जवळून निराळाच दिसला. त्याच्या मानेभोवतीचे केस झडून साखळीने जखम झाली होती. तिच्यावर माश्या बसत होत्या. पाण्याचे भांडे साखळीच्या टोकापासून चार बोटे दूर होते. ते त्याला पुरेसे पोचत नसे. मी खाली वाकून ते पुढे सरकवले, तेव्हा वाघ्या झटकन मागे सरला. कोणी वाकले, की खडा येतो, एवढेच तो माणसांकडून शिकला होता.

सातव्या दिवशी मला राहवले नाही. परत येताना पाणंदीत मी थांबलो आणि रडत रडत आजोबांना सारे सांगितले. मला वाटले, ते मारतील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “झिला, हे मला सांगितलेस, बरे झाले. आता तात्यांना सांग आणि बायलाही सांग.” ती दोन घरे आणि त्यांमधली ती पन्नास पावले मला कधी नव्हे इतकी लांब वाटली. तात्यांनी मान खाली घातली. बाय म्हणाली, “म्हणजे तू पळालास म्हणून तो मला चावला?” त्या प्रश्नाला मी अजूनही उत्तर देऊ शकलेलो नाही.

दहावा दिवस उजाडला. वाघ्या धडधाकट होता. दूधभात चाटून पुसून खात होता. डॉक्टरांनी पुढील इंजेक्शने थांबवली. त्या रात्री आमच्या घरी सर्वांना शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी तात्या स्वतः आमच्या पडवीत येऊन बसले. “माझे चुकले,” ते म्हणाले, “लोक सांगत होते, ते मी ऐकले नाही. सांगाल तर कुत्र्याला दूर कोठे तरी सोडून येतो.”

आजोबा म्हणाले, “तात्या, दूर सोडाल, ती जागाही कोणाची तरी वाडीच असेल. तेथेही कोणाची तरी नात शाळेला जात असेल. आपले ओझे दुसऱ्याच्या दारात ठेवणे, ही काही सोडवणूक नव्हे. पोलिसांतही जाता आले असते. पण उद्या माझ्या घराला आग लागली, तर पहिली घागर तुमचीच येणार आहे. तेव्हा आपण दोघे मिळून वाट काढू.”

त्या पडवीत जे ठरले, ते असे : तात्यांनी वाघ्याला लस टोचून घ्यावी, आखूड साखळी काढून त्याला आतल्या कुंपणात मोकळे ठेवावे, सकाळ-सायंकाळ भक्कम दोरीने बांधून त्याला पुळणीवर फिरवून आणावे, रात्री पाणंदीत सोडू नये, आणि तोंडाला मुसके घातल्याशिवाय अनोळखी माणसांत नेऊ नये. आमच्याकडे काम आले ते असे : पडका गडगा दोन्ही घरांनी मिळून उभारावा आणि मुलांनी खडे मारू नयेत. शेवटचे वचन मी दिले.

पुढच्या रविवारी आम्ही गडगा रचला. दगड मी वाहिले, तात्यांनी बसवले. वाघ्या एका दिवसात निवळला नाही. मानेची जखम भरायला महिना लागला. मनाची भरायला वर्ष लागले. परक्या माणसावर तो अखेरपर्यंत भुंकत असे. पण पाणंदीत कोणी त्याला भिऊन थांबले, असे पुन्हा झाले नाही. टपालवाला तात्यांची पत्रे पुन्हा तात्यांच्याच हातात देऊ लागला.

कुत्र्याची आणि माणसाची मैत्री फार जुनी आहे. युधिष्ठिराने कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्याचे नाकारले, अशी कथा महाभारतात आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, असे सांगतात. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे शाहू छत्रपतींच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. परंतु मैत्री म्हटली, की जबाबदारी आलीच. ती दोन्हीकडे असते : कुत्र्याकडे नव्हे, तर त्याच्या धन्याकडे आणि शेजाऱ्यांकडे.

आपला कायदाही हेच सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे, तसेच नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरू न देणे, हे त्या कायद्याने अपराध आहेत. दुसऱ्या बाजूस, आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका संभवत असता योग्य ती काळजी न घेणे, हाही गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमान्वये त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे जो कुत्र्याला जाचतो तोही दोषी आणि जो त्याला बेबंद सोडतो तोही दोषी.

बायच्या वेळची ती पोटातील इंजेक्शने आता इतिहासजमा झाली आहेत. आपल्या देशात ती जुनी लस २००५ सालापूर्वीच बंद होत आली. आजची लस दंडात टोचतात. चार-पाच वेळा मिळून ती पुरी होते आणि ती सरकारी रुग्णालयांत मिळते. जखम खोल असेल, तर जखमेभोवती आणखी एक औषध टोचतात. पिसाळण्याचा रोग, म्हणजेच रेबीज, विषाणूंमुळे होतो. ते विषाणू रोगी जनावराच्या लाळेतून जखमेत शिरतात आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातात. ते मेंदूत पोचून लक्षणे दिसू लागली, की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून चावल्याच्या दिवशीच दवाखाना गाठला पाहिजे. दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवावे. पण त्यासाठी लस लांबवू नये.

आमच्या शेजारच्या गोव्याने ह्या बाबतीत एक धडा घालून दिला आहे. तेथे वाडीवाडीतून जाऊन पाळीव आणि भटक्या अशा दोन्ही कुत्र्यांना दर वर्षी लस टोचण्यात आली आणि शाळाशाळांतून मुलांना माहिती देण्यात आली. शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, की रोगाची साखळी तुटते. २०२१ साली गोवा सरकारने आपले राज्य ‘रेबीज-नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर केले. कुत्रे मारून जे साधत नाही, ते त्यांना लस टोचून साधते.

मुलांनो, अंगावर येणाऱ्या कुत्र्यासमोर पळू नका. पळणाऱ्याच्या मागे धावणे हा त्याचा स्वभावच आहे. हात अंगाशी धरून स्तब्ध उभे राहा, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका आणि तो शांत झाल्यावर हळूहळू मागे सरा. पाडलेच, तर अंगाची मोट करून मान आणि कान हातांनी झाका. खाणाऱ्या, झोपलेल्या, बांधलेल्या किंवा पिल्ले जवळ असलेल्या कुत्र्याच्या वाटेस जाऊ नका. चावा घेतला किंवा नुसते ओरखडले, तरी जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि घरच्या मोठ्या माणसांना तत्काळ सांगा. मार बसेल ह्या भीतीने ही गोष्ट लपवू नका.

आजही मी वाडीत जातो. आजोबा नाहीत, तात्या नाहीत, वाघ्याही केव्हाच गेला. तात्यांच्या नातवाने एक कुत्रा पाळला आहे. त्याच्या गळ्यात सैल पट्टा आहे आणि कपाटात त्याच्या लसीचे कार्ड आहे. तो गडगा मात्र अजून उभा आहे. पावसाळ्यात त्याचे एखाददुसरे दगड ढासळतात. दोन्ही घरची माणसे ते उचलून पुन्हा जागी बसवतात.

शब्दार्थ

गडगा – दगड रचून केलेले कुंपण. पाणंद – दोन कुंपणांमधील अरुंद वाट. आगर – माडांची बाग. रापण – किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे. पुळण – समुद्रकाठची वाळू. खळे – घरापुढील सारवलेले अंगण. पोहरा – विहिरीतून पाणी काढण्याचे भांडे. दावे – जनावर बांधण्याचा दोर. मुसके – जनावराच्या तोंडाला बांधायची जाळी. झील – मुलगा (मालवणी).

स्वाध्याय

१. वाघ्याचा स्वभाव उग्र होण्याची कारणे पाठाच्या आधारे सांगा.
२. ‘त्याचा जीव हीच आपली साक्ष आहे,’ असे आजोबा का म्हणाले?
३. कुत्र्याला दूर सोडून येण्याचा विचार आजोबांना का पटला नाही? तुमचे मत लिहा.
४. लेखकाने आपली चूक सांगितली नसती, तर पुढे काय घडले असते? आठ-दहा ओळी लिहा.
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : पोटात गोळा येणे, मान खाली घालणे, वाटेस न जाणे, धडा घालून देणे.
६. ‘जो कुत्र्याला जाचतो तोही दोषी आणि जो त्याला बेबंद सोडतो तोही दोषी.’ ह्या वाक्यातील संबंधी सर्वनामे ओळखा.
७. उपक्रम : तुमच्या वाडीतील पाळीव कुत्र्यांपैकी किती कुत्र्यांना ह्या वर्षी लस टोचली आहे, ह्याची नम्रपणे विचारपूस करा आणि त्याचा तक्ता वर्गात लावा.